फक्कीनं आखलेलं गाव

मोह टपकायला लागला की आमच्या गावात कॅलेंडर पाहावं लागत नाही. पहाटे खिडकी उघडली की वास आत येतो. गोड, थोडा आंबूस, गुळाच्या ढेपेत नाक खुपसल्यासारखा. नव्यानं बदलून आलेले मास्तर नाकाला रुमाल लावतात आणि मला विचारतात, "मॅडम, काय सडलंय हो?" ज्याला मोहाचा वास सडका वाटतो त्याच्याशी सकाळी सकाळी कोण डोकं फोडणार? एरवी मी भांडणाला नाही म्हणणारी बाई नाही, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे.

या वासानं पूर्वी मला भूक लागायची. आता मी खिडकी लावून घेते. शेजारच्या अंगणांत चटया पसरलेल्या असतात, त्यांवर फुलं वाळत असतात, पिवळसर पांढरी फुलं दोन-तीन उन्हांत तांबूस होत जातात. आमचं अंगण तेवढं रिकामं. मी झाडून घेते, सडा टाकते आणि आत येते.

गिरजा वहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. नदीपल्याडची, चामोर्शीकडची. लग्न होऊन आली तेव्हा मी वेण्या घालून शाळेत जात होते, आणि माझी आई नव्हती. वहिनीनं कधी "मी तुझ्या आईसारखी" वगैरे म्हटलं नाही. तिनं पहिल्याच दिवशी माझ्या केसांत फणी घातली आणि म्हणाली, "बाप्पा, केस हायेत का सुगरणीचा खोपा?" तेवढ्यावर आमचं जमलं.

आमच्याकडे परीक्षा आणि मोह एकाच वेळी येतात. उजाडायच्या आधी वहिनी मला उठवायची. एका हातात टोपली, दुसऱ्या हातात माझं मनगट. बोडीच्या पारीवरून, म्हणजे गावतळ्याच्या बांधावरून, उतरलं की पांदण लागायची, पांदण संपली की जंगलातली पायवाट, आणि त्या वाटेच्या टोकाला आमचा मोह. प्रत्येक घराचं झाड ठरलेलं असतं. कागदावर कुठंच नसतं, पण दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी उचलत नाही. आमचं झाड बाकीच्यांपासून जरा बाजूला होतं. त्या वाटेनं वहिनी माझ्याकडून भूगोल वदवून घ्यायची. तिला स्वतःला सहीपुरतं लिहिता येत होतं, पण मी कुठं अडखळले तर बरोबर कळायचं.

"मोठ्यानं म्हण वं. त्यालेही आयकू जाऊ दे."

"कोणाले?"

"ज्याचं जंगल हाये त्याले. भूगोल समजला तर तो आपल्या रस्त्यानं जाईन, आपून आपल्या."

मग मी नद्यांची नावं ओरडत जायची. गोदावरी, वैनगंगा, वर्धा. वहिनी मधूनच "हो!" म्हणून हुंकार भरायची. जंगलात बोलत चालावं, म्हणजे वाघाला आपली चाहूल लागते आणि तो बाजूला होतो, हे इथं पोरासोरांनाही माहीत असतं. वहिनीला तर बोलायला निमित्तच हवं असायचं. ती झाडाशी बोलायची. "काऊन रे, एवढीच टाकलीस? कालपासून रुसला का?" बाकीचे लोक झाडाखालचा पालापाचोळा जाळून जागा साफ करतात, मग जंगलात वणवा लागतो आणि जंगलखात्याचे लोक बोंबा मारत येतात. वहिनी जाळायची नाही. खराटा घेऊन जायची आणि मोहाखालची जमीन अंगणासारखी लख्ख झाडायची.

एकदा वेचायला बसली की मात्र ती गप्प व्हायची. कमरेत वाकलेली, दोन्ही हात चाललेले, तोंडातून शब्द नाही. मी काही विचारलं तरी "हं" एवढंच. मला त्या गप्प बसण्याची गंमत वाटायची. एवढी बडबडी बाई, आणि फुलांसमोर जिभेला कुलूप. परत येताना ती एखादं फूल माझ्या तोंडात टाकायची, त्याचा गोड रस घशाशी चिकटायचा आणि भूगोलाची उजळणी तिथंच बंद पडायची.

त्या भूगोलानंच पुढं मला नोकरी दिली. गावच्याच शाळेत लागले. लग्नाचं जमलं नाही, मीही फार मनावर घेतलं नाही. दादा, वहिनी आणि मी, असं आमचं तिघांचं घर. त्यांनाही मूल झालं नाही. लोक काय काय बोलायचे. वहिनी म्हणायची, "आमची एकच लेक, तिले शाळेतून काढतच नाईत."

मग एका चैत्रात ती गेली. बाया मिळूनच गेल्या होत्या. मी शाळेच्या पेपरांमुळे गेले नव्हते. बाकीच्या आपापल्या झाडांखाली, वहिनी आमच्या झाडाखाली, हाकेच्या अंतरावर. तिचा आवाज बंद झालेला त्यांना कळला, पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही, कारण वेचताना ती गप्पच असायची. फार वेळानं कुणीतरी "गिरजाबाई, चाल वं" म्हणून हाक मारली. ओ आली नाही. वाटेच्या कडेला टोपली आडवी पडली होती. यापुढचं मी लिहिणार नाही. ज्यांनी पाहिलं त्यांनी मला सांगितलं नाही, आणि मी त्यांना कधी विचारलं नाही.

आमच्या भागात एक रीत आहे. ज्या जागी वाघानं माणूस नेला, त्या जागेवरून जाणाऱ्यानं हिरवी डहाळी मोडायची आणि तिथं ठेवायची. पाला टाकणं म्हणतात त्याला. जातपात नाही, ओळखदेख लागत नाही. मंत्र नाही, काही नाही. डहाळी ठेवायची, हात जोडायचे, पुढं जायचं. जंगलातल्या वाटांवर असे ढीग दिसतात. काही इतके जुने की खाली कोण आहे ते सांगणारं कुणी उरलेलं नाही, तरी वर आजचा हिरवा पाला असतोच. लहानपणी वहिनीच मला थांबवून डहाळी ठेवायला लावायची. मी विचारायची, "कोण हाये?" ती म्हणायची, "कोणीतरी आपलंच असन."

वहिनीचा ढीग पहिल्याच पावसाळ्यात गुडघ्याएवढा झाला. साग, ऐन, तेंदू, मोह, ज्याच्या हाताला जे लागेल ते. मी रविवारी चार बायांसोबत जायची. ओल्या पाल्याचा वास यायचा. घरी तिचा एक फोटो आहे, लग्नातला, त्यात ती घाबरलेली दिसते. तो फोटो म्हणजे ती नव्हे. त्या ढिगापाशी मात्र मला ती सापडायची. अनोळखी माणसं तिच्यासाठी थांबतात, एवढी एक गोष्ट मला त्या वर्षात उभं धरून होती.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात वाटांचं प्रकरण निघालं. गावातली सडक रुंद झाली, ट्रक वाढले, आणि चालणाऱ्यांना सडकेवर जागाच उरली नाही. शाळेत येणाऱ्या पोरी सायकली नालीत घालत यायच्या. तेव्हा नगरपंचायतीनं ठरवलं की जुन्या पायवाटा, पांदणी, बोडीची पार हे सगळं जोडून गावाभोवती वाटांचं एक जाळं करायचं. आखणीसाठी नागपूरहून एक तरुण इंजिनिअर मॅडम आली. गुणी पोरगी, उन्हाला न घाबरणारी. तिनं पहिल्या बैठकीत सांगितलं, या वाटा मल्टी-यूज असतील, पायी चालणारे, सायकलवाले, बैलगाड्या, सगळ्यांसाठी. मागून म्हातारे तुकारामभाऊ उठले आणि म्हणाले, "मॅडम, आमच्या इथी एकाच पांदणीनं बैल जाते, शाळा जाते, वरात जाते अन् मढंही जाते. याहून जास्त यूज तुमाले कोणता पाहिजे?" मॅडमसकट सगळे हसले. त्या दिवसापासून गावात त्या वाटांना 'मल्टी' म्हणू लागले. आजही म्हणतात. "कुठून आलास?" "मल्टीवरून."

भूगोलाची बाई म्हणून मलाही समितीत घेतलं. मी आनंदानं गेले, आणि का गेले तेही सांगते. मला वहिनीची वाट त्या जाळ्यात हवी होती. मॅडमलाही ती वाट आवडली होती. बोडीवरून जंगलात शिरून मोहांच्या राईतून परत गावाकडं वळणारी, सावलीची. मी म्हटलं, दोन्ही बाजूंची झुडपं छाटा, बायांना घोळक्यानं जायला सांगा, फलक लावा. वाट चालती राहिली तर तिथून माणसं जातील, माणसं गेली तर पाला पडेल. वाट मोडली की चार पावसाळ्यांत ढीग मातीत जाईल आणि गिरजा नावाची बाई या जगात होती हे सांगणारा घाबरलेला एक फोटो तेवढा उरेल. माझा सगळा जीव त्या एका रेघेत अडकला होता.

मॅडमचा नकाशा बायांना कळेना. संगणकातून काढलेला, रंगीत, गाव वरून दिसावं तसं. आपलं गाव वरून कुणी पाहिलंय? तेव्हा मी शाळेच्या मैदानावर फक्कीनं गाव आखलं. कबड्डीच्या रेघा मारतो ती पांढरी फक्की. ही बोडी, हे देऊळ, ही शाळा, हा बाजार, हा नाल्यावरचा रपटा, हे जंगल. आणि लोकांना म्हटलं, चाला आता, जसे रोज चालता तसे. आधी सगळे लाजले. मग एक आजी लुगडं सावरून आपल्या घरातून निघाली आणि बाजारात पोचली. मग लोक सुटलेच. कुणी बैल हाकल्यासारखं करत पांदणीतून गेलं, कुणी बोडीवर धुणं धुवायला, पोरी हँडल धरल्याचा आविर्भाव करत शाळेत. "सरक ना व, बोडीत पडशीन!" अशी ओरड, हसणं. जिथं पाय जास्त पडले तिथली फक्की विस्कटली, आणि मॅडम मागं मागं फिरत त्या विस्कटलेल्या जागा उतरवून घेत होती. गावाला इतकं खूश मी क्वचित पाहिलं.

मोह वेचणाऱ्या बाया बोडीवरून निघाल्या, पांदणीतून गेल्या, जंगलाच्या रेघेत शिरल्या आणि एका जागी थांबल्या. पुढं असलेली मंदा, आमची शेजारीण, रेघ सोडून शाळेच्या कडुनिंबाकडं गेली. तिनं डहाळी मोडली, परत येऊन त्या जागी ठेवली, हात जोडले. मागच्या बाईनंही तसंच केलं. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. खेळ चालला होता, तरी त्या जागेवरून पाला न टाकता पुढं जाणं त्यांच्या पायांना जमलं नाही. दुपारपर्यंत मैदानावर कडुनिंबाचा छोटा ढीग झाला. मॅडमनं मला हळूच विचारलं, "ताई, हे काय आहे?" मी सांगायला लागले, वाक्य अर्धं सोडलं आणि ढिगातली एक डहाळी सरळ केली. पण आतून मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. वाटलं, आता ही वाट कुणी पुसू शकत नाही.

तेव्हा दादा आला. वहिनी गेल्यापासून तो शेत आणि घर सोडून चारचौघांत कुठं येत नव्हता. मैदानाच्या कडेनं तो आत आला, आखलेलं गाव त्यानं नीट पाहिलं, चप्पल काढली आणि आमच्या घरापासून चालायला लागला. बोडी, पांदण, जंगल. ढिगापाशी येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता तो डहाळी ठेवेल.

"हा रस्ता नोको, मॅडम," तो म्हणाला.

मी पुढं झाले. "दादा, काऊन?"

त्यानं मंदाकडं पाहिलं. "परवा सकाळी मी गेलो होतो तिकडं. ही एकटीच मागं राह्यली होती. हिनं पाला तोडला अन् ठेवाले खाली वाकली. मले निस्ती पाठ दिसली. मले वाटलं, गिरजाच हाये. उभ्या माणसाले तो घाबरते. वाकलेल्या माणसाले माणूस समजत नाई. अन् इथी जो येते तो तिच्यासाठी वाकून राह्यला. जागा तीच, झाडोरा तोच. उद्या हिचा ढीग होईन इथी."

मंदानं तोंडाला पदर लावला. मी तेव्हाही गप्प बसले नाही. म्हटलं, "आपून झुडपं छाटू. घोळक्यानं जाऊ. दादा, रस्ता गेला तर वैनीचं काय राहीन?"

"तू हायेस ना. मी हाये."

"आपून गेल्यावर?"

त्यानं उजवा पाय पुढं केला आणि मागं मागं येत, तळव्यानं घासत, जंगलापासून पांदणीपर्यंतची रेघ पुसत आला. फक्कीनं त्याचा पाय घोट्यापर्यंत पांढरा झाला होता. ढिगाला त्यानं हात लावला नाही. संध्याकाळी शिपायानं मैदान झाडलं तेव्हा तो पाला कुठं गेला, मला माहीत नाही.

मला त्याचं म्हणणं पटलं. आवडलं नाही, आजही आवडत नाही. खूप दिवस मी त्याच्याशी कामापुरतंच बोलत होते. तो जेवायला बसायचा, मी ताट वाढायची, आणि आमच्या दोघांच्या मध्ये ती नसायची. पूर्वी आम्ही भांडलो की वहिनी दोघांनाही शिव्या घालून समेट घडवायची. आता तिच्याचवरून भांडण, आणि मिटवायला तीच नाही.

जाळं झालं. चांगलं झालं. बोडीच्या पारीवर मुरूम पडला, रपट्याला कठडा आला, पोरींच्या सायकली सडकेवरून हटल्या. मधुमेहवाले पहाटे हात हलवत फिरतात आणि बैलगाडी आली की बाजूला होऊन बैलांनाच सलाम ठोकतात. मोहाच्या राईकडं जाणारी नवी वाट धानाच्या उघड्या बांध्यांमधून जाते, लांबची आणि उन्हाची. बाया कुरकुरतात, पण तिकडूनच जातात, कारण दूरवरचं दिसतं. जुन्या वाटेच्या तोंडावर बोरीच्या काट्या टाकल्या, मग चर खणला. नव्या वाटेवरून फिरताना मी तिथपर्यंत आले की चराच्या काठाशी थांबते. पलीकडं रानटी तुळस माजली आहे. पाऊस आणि वाळवी यांनी त्या ढिगाचं काय केलं असेल ते मला कळतं, मी भूगोल शिकवते. दगडाला काही काळ धीर धरता येतो. पाल्याचा ढीग रोज नवा पाला पडला तरच ढीग, नाहीतर ती नुसती जमीन.

आणि मला ती हवी आहे. स्मारक नको, पाटी नको, ती हवी आहे. केसांत फणी अडकवून मला शिव्या देणारी. हा वास आला की पहिल्या क्षणी मला अजून वाटतं की आता मनगट धरून कुणीतरी उठवणार. दुसऱ्या क्षणी आठवतं. दर सकाळी ते पुन्हा नव्यानं आठवतं.

या वर्षी मोह लागला आणि दादा पहाटे घरातून नाहीसा व्हायला लागला. दोन दिवस मी काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी किटलीत चहा घेऊन मागं गेले. तो त्या चराजवळ दगडावर बसला होता, मांडीवर काठी, तोंड गावाकडं, पाठ जंगलाकडं. त्याला कुणी नेमलं नव्हतं. बाया आल्या की काठीनं नवी वाट दाखवायचा, एखादी मागं रेंगाळली तर तिला घोळक्यात पाठवायचा. मी शेजारी बसले. त्याच्यासाठी पेल्यात चहा ओतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आम्ही वहिनीशिवाय, पण तिच्या जवळ बसलो होतो.

घोळका पुढं निघून गेल्यावर एक नवी नवरी आली. हातावरची मेंदी अजून पुरती गेली नव्हती. काखेत टोपली, हातात सागाची कोवळी डहाळी. चराशी थांबून तिनं आत डोकावून पाहिलं.

"भाऊ, इकडं पाला टाकाची जागा हाये म्हंते ना? सासू सांगत होती. कोणाची हाये?"

दादानं मान वर केली. मी त्याच्याकडं पाहत होते. नाव घेण्यापुरता अवकाश होता. तीन अक्षरांचं काम.

"नाई बाई," दादा म्हणाला. "इकडं कोणीच नाई. कोणी होतंही नाई. तू नव्या रस्त्यानं जाय, त्या बाया गेल्या तिकून. अन् बोलत जाय."

मी तोंड उघडलं होतं. मिटून घेतलं.

"असं हाये का," ती म्हणाली. हातातली डहाळी तिनं कडेला टाकून दिली आणि नव्या वाटेकडं वळली. थोडं पुढं जाऊन पुढच्या बायांना मोठ्यानं हाका मारायला लागली. त्यांनी ओ दिली, तिनं पुन्हा हाक मारली. तिचा आवाज त्यांच्या आवाजांत मिसळेपर्यंत दादानं चहाला हात लावला नाही.